एसपीआयच्या मुलाखतीची धास्ती: या चुका टाळा

लेखी परीक्षेच्या यादीत नंबर दिसला की घरात पेढे येतात, आणि त्याच रात्री मुलाखतीच्या धास्तीनं पोराची झोप उडते. छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था, म्हणजे एसपीआय, 1977 पासून दहावी झालेल्या मुलांना एनडीएसाठी, म्हणजे सैन्यातले अधिकारी घडवणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी, तयार करते. प्रशिक्षणाचा खर्च राज्य शासन उचलतं. मुलींसाठी 2023 पासून नाशिकलाही अशी संस्था आहे. एवढी मोठी संधी म्हटल्यावर धडधड होणारच. पण त्या धडधडीत पोरं काही चुका हमखास करतात.

सगळ्यात मोठी चूक फॉर्ममध्येच होते. माझ्या पुतण्यानं छंद लिहिले होते ‘वाचन, ट्रेकिंग’. घरी सराव घेताना मी विचारलं, शेवटचं पुस्तक कोणतं वाचलंस? गप्प. ट्रेक कुठला केलास? तर रामटेकच्या पायऱ्या! आणि हाच पोरगा मार्च लागला की गल्लीतल्या निम्म्या घरांचे कूलर खोलतो, पंप साफ करतो, जुनी खस काढून नवी भरतो. ते लिहायला लाज वाटली म्हणे. मला फार वाईट वाटलं. पंप का जळतो, ओल्या खशीतून आलेली हवा गार का लागते, यावर तो दहा मिनिटं न अडखळता बोलतो. फॉर्म गेलाच असेल, तर लिहिलेल्या छंदाबद्दल खरं असेल तेवढंच सांगायचं आणि खरी आवड स्वतःहून बोलून दाखवायची. फॉर्मची प्रत मात्र जवळ ठेवा. सराव तिच्यावरूनच घ्या.

दुसरी चूक म्हणजे एसएसबीची, म्हणजे सैन्यातले अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या चाचण्यांची, पुस्तकं आणून पाठ करणं. बारा चित्रांवरच्या गोष्टी, पंधरा सेकंदांत एका शब्दावर वाक्य, हे सगळं एनडीएची लेखी पास झाल्यावरच्या पाच दिवसांत येतं. दहावीच्या मुलावर ते आत्ताच लादलं की तो स्वतःचं बोलणंच विसरतो.

‘नागपूरबद्दल सांग’ म्हटलं की आपली नागपूरची बहुतेक पोरं संत्र्यावर थांबतात. अरे, सैन्यात जायचंय ना तुला? सीताबर्डीच्या किल्ल्यावर आजही सैन्य आहे. त्याच टेकडीवर नोव्हेंबर 1817 मध्ये भोसल्यांची फौज इंग्रजांशी लढली. कामठीला ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं केंद्र आहे. वायुसेनानगरात हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आहे, आणि विमानांची, उपकरणांची देखभाल-दुरुस्ती हेच तिचं काम. कूलर खोलणाऱ्या पोराला यापेक्षा जवळचा धागा कुठे मिळणार?

मुलाखतीत मध्येच अडलं तर? उत्तर येत नसेल तर ‘सर, मला माहीत नाही’ म्हणून मोकळं व्हा, अंदाज ठोकू नका. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायला सांगा, त्यात कमीपणा नाही. इंग्रजीत शब्द सापडेना तर हिंदीत बोलू का, असं विचारा. आपल्याकडे मराठी-हिंदीची सरमिसळ अंगवळणी पडलेली असते, ताणात ती जास्तच होते. म्हणून रोज अर्धा तास एका वेळी एकाच भाषेत बोलायचा सराव ठेवा. हात थरथरत असतील तर ते मांडीवर सरळ ठेवा.

आता आईबाबांसाठी. दाराबाहेर ‘काय विचारलं, तू काय म्हणाला’ ही उलटतपासणी नको. आधी जेवू द्या. आणि जायच्या आदल्या रात्रीच पोराला सांगा की इथे नाही झालं तरी बारावीत असताना एनडीएची लेखी परीक्षा थेट देता येते, आणि यूपीएससी ती वर्षातून दोनदा घेते.