पाम थ्री वापरताना या चुका टाळा

1998 साली आलेला पाम थ्री हा लेखणीने चालवायचा, हातात मावणारा छोटा संगणक हौशी मंडळी आजही शोधून शोधून विकत घेतात. दोन ट्रिपल-ए सेल, दोन मेगाबाइट मेमरी आणि 160 बाय 160 ठिपक्यांचा करडा पडदा एवढ्या भांडवलावर हे यंत्र पत्ते, भेटीच्या वेळा, कामांची यादी आणि टिपणे चोख सांभाळते. घेणारे मात्र वर्षानुवर्षे त्याच चुका करत आले आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या मुळाशी घाईच असते.

सर्वांत महाग पडणारी चूक सेल बदलताना होते. पाम थ्रीमध्ये आपण लिहिलेली सगळी माहिती रॅममध्ये राहते आणि रॅमला सतत वीज लागते. सेल काढल्यावर आतला कपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवणारा भाग, ती माहिती साधारण मिनिटभर जगवतो. सेल पार संपलेले असतील तर तेवढाही भरवसा धरू नये. एक-एक करून सेल बदलले की धोका नाही, हा सल्ला मी असंख्य वेळा ऐकला आहे आणि तो साफ चुकीचा आहे, कारण दोन्ही सेल एकापुढे एक जोडलेले असल्याने एक काढला तरी पुरवठा तुटतोच.

माझ्या ओळखीच्या एका विमा प्रतिनिधींनी सेल काढले, नवे घरात नाहीत हे मग त्यांच्या लक्षात आले आणि ते दुकानात गेले. परतल्यावर यंत्र सुरू झाले आणि पडद्यावरच्या खुणेवर मधोमध टेकवा असे सांगू लागले. मेमरी पुसली गेल्याचे हे स्पष्ट लक्षण होते, पण मूळ प्रोग्राम विजेशिवायही टिकणाऱ्या रॉममध्ये असल्याने चारही बटणे नेहमीसारखी चालत होती आणि फक्त याद्या रिकाम्या होत्या. संगणकावर प्रत आहेच, असे म्हणून त्यांनी यंत्र संगणकाला जोडलेल्या क्रेडलमध्ये, म्हणजे बैठकीत, ठेवले, हॉटसिंकचे, म्हणजे यंत्र आणि संगणक यांच्यातली माहिती जुळवण्याचे, बटण दाबले आणि विचारल्यावर आपले नाव निवडले. तोवर फारसे बिघडले नव्हते. परंतु आपले हातातले यंत्रच नेहमी ताजे असते, मग जुळवाजुळवीत वेळ का घालवा, या हिशेबाने त्यांनी हॉटसिंकमध्ये ‘यंत्रावरील माहिती संगणकावर चढवा’ हा पर्याय पूर्वीच कायमचा करून ठेवला होता. रिकामी यादी भरलेल्या यादीवर चढली आणि ग्राहकांचे पत्ते दोन्हीकडून गेले. पुढे ते पावतीपुस्तके उलगडून एकेक नाव पुन्हा भरत बसले. चार क्षण वाचवणाऱ्या अशा युक्त्यांचा मला मनापासून राग येतो.

माझा क्रम ठरलेला आहे. आधी हॉटसिंक, मग संगणकावरील माझ्या नावाच्या फोल्डरची वेगळी प्रत, मग नवे सेल वेष्टनातून काढून टेबलावर, आणि त्यानंतरच मागचे झाकण. नेहमीची निवड दोन्हीकडची माहिती जुळवण्याचीच असावी. मेमरी पुसली गेली असेल, तर फक्त त्या एका वेळेपुरती ‘संगणकावरील माहिती यंत्रावर’ ही निवड करावी.

दुसरी चूक ग्राफिटीबाबतची, म्हणजे पडद्याखालच्या चौकटीत लेखणीने लिहायच्या खास लिपीबाबतची. दहा मिनिटे खरडून ‘याला माझे अक्षर कळत नाही’ म्हणणाऱ्यांना मी एवढेच सांगतो, की ही लिपी आपण शिकायची असते. जवळजवळ प्रत्येक अक्षर लेखणी न उचलता एकाच रेघेत काढायचे असते आणि रेघ कुठून सुरू झाली यालाही अर्थ असतो. ‘टी’ डावीकडून उजवीकडे जाऊन खाली उतरतो, तर ‘एफ’ उजवीकडून डावीकडे जाऊन खाली उतरतो. ‘ए’ला आडवी रेघ नसते. ‘व्ही’चा वारंवार ‘यू’ होत असेल तर तो उजवीकडून डावीकडे काढावा; हा फरक एकदा हाताला बसला की चूक क्वचितच होते. अक्षरे डाव्या भागात आणि आकडे उजव्या भागात लिहायचे, हे तर चौकटीवर छापलेलेच आहे, तरी फोन क्रमांक डावीकडे लिहून वैतागणारे भेटतातच. अक्षर मोठे काढावे आणि जोर देऊ नये.

मराठी माणसाची एक खास अडचण येथे नोंदवतो. यंत्रात देवनागरी नाही, त्यामुळे नावे रोमन लिपीत लिहावी लागतात. फडके ‘पीएच’ने लिहायचे की ‘एफ’ने, हे आज एक आणि उद्या दुसरे असे ठेवले, तर ऐन वेळी नाव सापडत नाही, कारण शोध शब्दाच्या सुरुवातीपासूनच जुळवला जातो. मी ज्याच्या त्याच्या सहीतले स्पेलिंग प्रमाण मानतो.

बॉलपेनने पडद्यावर कधीही लिहू नये. लिहिण्याच्या चौकटीवर पारदर्शक चिकटपट्टी लावावी आणि खरखरीत झाली की बदलावी. टेकवलेली जागा सरकलेली वाटली, तर प्रेफरन्सेसमध्ये (यंत्राच्या सेटिंगमध्ये) जाऊन डिजिटायझर, म्हणजे लेखणीचा स्पर्श ओळखणारा भाग, पुन्हा जुळवून घ्यावा. पडद्यामागचा दिवा सेल खातो, तो गरजेपुरताच लावावा.

‘हॅक’, म्हणजे यंत्राच्या मूळ वागण्यात बदल करणारा छोटा प्रोग्राम, एका वेळी एकच चढवावा. यंत्र सारखे अडकू लागले, तर वर सरकवण्याचे बटण दाबून धरून रीसेट करावे, म्हणजे ते हॅक न चालवता सुरू होते आणि माहिती शाबूत राहते. पॉवरचे बटण धरून केलेला रीसेट सगळे पुसतो, म्हणून तो शेवटचा उपाय. रीसेटची पिन लेखणीच्या फिरकीच्या टोकाखालीच असते.

यंत्र काही महिने पडून राहणार असेल, तर हॉटसिंक करून सेल काढून ठेवावेत. गळक्या सेलने धरलेली पांढरी पूड व्हिनेगरच्या बोळ्याने, मग स्पिरिटने पुसता येते, पण पत्रा खाल्ला गेला असेल तर तो परत येत नाही. जुना पाम विकत घेताना म्हणूनच आधी मागचे झाकण उघडून पाहावे.