मेथिल आयोडाइडचा बंध तुटताना टिपण्याची रीत

मेथिल आयोडाइडमधील कार्बन-आयोडीन बंध अतिनील प्रकाशाने तुटण्यास शंभरएक फेम्टोसेकंद पुरतात, आणि एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दहा लाखावा भाग. ही हालचाल पाहण्यासाठी दोन लेसर स्पंद वापरतात: पहिला बंध तोडतो, दुसरा ठरावीक विलंबाने तुकड्यांमधील अंतर नोंदवतो. अशा स्पंदांनी अभिक्रियांतील संक्रमण अवस्था, म्हणजे जुने बंध तुटत असतानाची क्षणिक स्थिती, अभ्यासल्याबद्दल अहमद झेवैल यांना १९९९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

टायटेनियम-सफायर लेसरचा ८०० नॅनोमीटर तरंगलांबीचा, सुमारे ३० फेम्टोसेकंदांचा स्पंद दुभागून एका भागापासून स्फटिकांच्या साहाय्याने २६७ नॅनोमीटरचा अतिनील स्पंद तयार करावा. त्याची तीव्रता कमीच ठेवावी. ती वाढली की रेणू एकाऐवजी अनेक फोटॉन (प्रकाशकण) शोषून आयनित होतो, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावतो, आणि आपल्याला हवी ती घटना झाकली जाते. दुसरा भाग सरकत्या मंचावरील आरशांवरून न्यावा. मंच १ मायक्रोमीटर सरकला की प्रकाशाची वाट २ मायक्रोमीटरने वाढते आणि ६.७ फेम्टोसेकंदांचा विलंब पडतो. दोन्ही तरंगलांबी अडवणारा चष्मा डोळ्यांवर असल्याशिवाय काम सुरू करू नये.

सर्वाधिक वेळ शून्य विलंब, म्हणजे दोन्ही स्पंद एकाच क्षणी रेणूवर पोहोचतात तो बिंदू, शोधण्यास द्यावा, कारण पुढचा प्रत्येक आकडा त्यावरच उभा आहे. रेणूंवर स्पंद पडतात त्या निर्वात कक्षाबाहेर हा बिंदू ठरवून भागत नाही. कक्षाच्या काचेतून जाताना अतिनील स्पंद अधिक मागे पडतो आणि लांबतोही. म्हणून कक्षातच, मेथिल आयोडाइड वायूच्या झोतावर, दोन्ही स्पंद एकत्र पडल्यावर आयनांची संख्या कोठे वाढते ते पाहावे. खोलीचे तापमान बदलले की हा बिंदू सरकतो, तेव्हा तो वारंवार तपासावा. विलंब चढत्या क्रमाने न घेता उलटसुलट घ्यावेत, म्हणजे लेसरच्या शक्तीतील संथ घट रेणूची हालचाल म्हणून नोंदली जाणार नाही.

दुसऱ्या स्पंदाची तीव्रता दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १०¹⁴ वॅट असली की दोन्ही तुकड्यांतून काही इलेक्ट्रॉन निघून जातात आणि समान भारामुळे तुकडे एकमेकांना दूर लोटतात. समान वेगाचे आयन शोधकावर (आयन टिपणाऱ्या पडद्यावर) एकाच ठिकाणी आणणारी विद्युत-भिंगे वापरावीत; त्यामुळे एकाच चालीने सर्व दिशांना उडालेल्या आयनांचे वर्तुळ उमटते. वर्तुळाच्या त्रिज्येवरून वेग आणि वेगावरून ऊर्जा कळते. प्रत्येकी एक भार असलेल्या तुकड्यांसाठी प्रतिकर्षणाची ऊर्जा, इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये, १४.४ भागिले अँगस्ट्रॉममधील (१ अँगस्ट्रॉम म्हणजे ०.१ नॅनोमीटर) अंतर इतकी असते: मूळच्या २.१४ अँगस्ट्रॉमला सुमारे ६.७, तर १० अँगस्ट्रॉमला अवघी १.४. न तुटलेल्या रेणूंचे वर्तुळ विलंब बदलला तरी जागच्या जागी राहते, तर तुटणाऱ्यांचा पट्टा विलंबाबरोबर आत सरकतो. मोठ्या विलंबाला तो केवळ बंध तुटताना मिळालेल्या ऊर्जेवर स्थिरावतो. हा आकडा आधी माहीत असलेल्या मूल्याशी जुळला नाही, तर अंतरे काढण्याआधी शोधकाचे अंशांकन (त्रिज्या आणि वेग यांचा मेळ) पुन्हा करावे.