कोंबड्यांना पाण्यातून अँटिबायोटिक देताना: बोअरचं पाणी, मे महिन्याचं ऊन आणि डोसाचा हिशोब

औषधाची बाटली उघडण्याआधी दोन-चार मेलेले पक्षी चिरून घ्या, म्हणजे पशुवैद्यकाकडून शवविच्छेदन करून घ्या. मानमोडी (राणीखेत), गंबोरो, बर्ड फ्लू हे विषाणूचे आजार. त्यांच्यावर अँटिबायोटिक चालत नाही. अचानक मोठी मरतुक, निळसर तुरे, सुजलेली डोकी दिसली तर चिरफाड शेडवर करू नका, थेट पशुसंवर्धन खात्याला कळवा. नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरने बर्ड फ्लू 2006 साली आणि पुन्हा 2021 साली पाहिला आहे. गंबोरोत किडनी आधीच सुजलेली असते. त्यात सल्फा किंवा जेंटामायसिन ही किडनीवर ताण आणणारी औषधं दिली की आजाराने न मेलेले पक्षी औषधाने मरतात.

आजारी कोंबडी खाणं सोडते, पण पाणी पीत राहते. म्हणून खाद्यातल्या औषधापेक्षा पाण्यातलं औषध बरं. मात्र आपल्याकडे घोळ होतो तो नेमका पाण्यातच.

बाटलीवर लिहिलेलं असतं, 'दोन लिटरला 1 मिली'. हे माप बेताच्या हवेतलं आहे. समजा 24 दिवसांचे 1,000 ब्रॉयलर आहेत, सरासरी वजन 1.2 किलो, आणि डॉक्टरांनी एन्रोफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक किलोमागे 10 मिलिग्रॅम सांगितलं आहे. एकूण वजन 1,200 किलो, म्हणजे रोज 12 ग्रॅम औषध. 10 टक्के द्रावणात मिलीला 100 मिलिग्रॅम असतं, तेव्हा 120 मिली. हिवाळ्यात एवढे पक्षी दिवसाला साधारण 240 लिटर पितात, त्यामुळे लिटरचा हिशोबही 120 मिलीवरच येतो. पण जळगाव-भुसावळला पारा 44-45 वर गेला की तेच पक्षी 480 लिटर पितात. लिटरच्या हिशोबाने 240 मिली पोटात गेलं, सरळ दुप्पट. सल्फाच्या बाबतीत हे फार महागात पडतं: तुरा फिका पडतो, मांसात आणि कातडीखाली रक्ताचे ठिपके दिसतात, किडनीत पांढरे क्षार साठतात, अंडी घटतात. म्हणून डोस नेहमी वजनावर काढा. त्यासाठी शेडच्या चार कोपऱ्यांतून आणि मधून मिळून 50 पक्षी तोला. दाराजवळचे पाच-सहा धरून काढलेली सरासरी बहुतेक वेळा चुकते.

औषध पहाटे पाचला सुरू करा. आदल्या रात्री टाकी रिकामी करून धुवा. पहाटे पाच ते अकरा पक्षी किती पितात ते आधी दोन दिवस टाकीवर खुणा करून मोजा आणि तेवढ्याच पाण्यात दिवसाचा पूर्ण डोस घाला. एन्रोफ्लॉक्सॅसिनला असा एकदम डोस मानवतो. अमॉक्सिसिलिन, टायलोसिनसारख्या औषधांची पातळी मात्र दिवसभर राहावी लागते. ती दिवसातून दोन-तीन वेळा वाटून, दर वेळी ताजी कालवून द्या. पत्र्याच्या टाकीत दुपारी पाणी हाताला चटका देतं, त्यात सकाळचं औषध टिकत नाही. टाकी प्लॅस्टिकची आणि सावलीत हवी. पक्ष्यांना तहान लागावी म्हणून पाणी तोडायचं तर पहाटेच, अर्धा-पाऊण तास. उन्हाळ्यात दुपारी कधीच नाही.

पावडर थेट टाकीत ओतू नका. बादलीभर पाण्यात आधी पूर्ण विरघळवा, मग टाकीत. निपल लाइन (चोचीने दाबून पाणी पिण्याची नळी) असेल तर शेवटचा व्हॉल्व्ह उघडून जुनं पाणी काढा, नाहीतर शेवटच्या टोकाच्या पक्ष्यांना पहिला तासभर साधंच पाणी मिळतं. ब्लीचिंग किंवा क्लोरीन 24 तास आधी थांबवा. कोर्स संपला की लाइन धुवा, कारण औषधातल्या साखरेवर नळीत बुळबुळीत थर धरतो.

आता बोअर. घरात डाळ लवकर शिजत नसेल, साबणाला फेस येत नसेल आणि भांड्यावर पांढरा थर बसत असेल, तर तेच पाणी टेट्रासायक्लिन गटातली अँटिबायोटिकंही बांधून टाकतं. पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमला चिकटलेलं ऑक्सिटेट्रासायक्लिन (याच गटातलं औषध) आतड्यातून रक्तात जात नाही, विष्ठेतून वाया जातं. ते देताना पाण्यात सायट्रिक ॲसिड टाकून पीएच पट्टीवर 5-6 च्या आसपास आणा, नाहीतर साठवलेलं पावसाचं किंवा आरओचं पाणी वापरा. एन्रोफ्लॉक्सॅसिनमध्ये मात्र ॲसिड घालू नका. द्रावण दुधासारखं झालं की औषध फाटलं समजा. कॅल्शियम टॉनिक कुठल्याही अँटिबायोटिकबरोबर नको. लेयरच्या (अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबड्यांच्या) खाद्यात कॅल्शियम मुळातच जास्त असतं, म्हणून तिथे टेट्रासायक्लिन कमीच पडतं.

खाद्याच्या पोत्यावरची चिठ्ठी वाचलीच पाहिजे. त्यात सॅलिनोमायसिन, मोनेन्सिन किंवा नॅरासिन ही कॉक्सिडिओसिसची (रक्ती हगवणीची) औषधं असतील आणि पाण्यातून टायमुलिन हे अँटिबायोटिक दिलं, तर पक्षी पाय मागे ताणून छातीवर पडतात आणि एक-दोन दिवसांत मरतात. या चुकीवर उतारा नाही. निओमायसिन तोंडाने दिलं तर आतड्यातच राहतं, श्वसनाच्या आजाराला त्याचा उपयोग नाही. कोलिस्टिन या अँटिबायोटिकवर कोंबड्या-जनावरांसाठी 2019 पासून बंदी आहे. जुनी बाटली पडलेली असेल तर वापरू नका. कुठलाही कोर्स लांबला की पोटातले चांगले जिवाणू मरतात, पातळ हगवण लागते, क्रॉपमध्ये (गळ्याखालच्या अन्नपिशवीत) बुरशी धरते. प्रोबायोटिक द्यायचं ते कोर्स संपल्यावर, सोबत नाही.

इंजेक्शन थोड्याच पक्ष्यांना, जातिवंत किंवा गावठी कोंबड्यांना परवडतं. मानेच्या मागची कातडी चिमटीत धरून अर्ध्या इंची सुई कातडीखाली. छातीत टोचायचं तर मधल्या हाडाच्या बाजूला, तिरकी आणि उथळ सुई. सरळ खोल गेली तर यकृतात घुसते. पायात टोचल्यास नसेला लागून कोंबडी लंगडते.

शेवटचा हिशोब विक्रीचा. लेबलवर औषध बंद केल्यापासून विक्रीपर्यंतचे दिवस पाहा. ते तपासून ठरवलेले नसतील तर नियमाने मांसाला किमान 28 दिवस, अंड्यांना किमान 7 दिवस. वरच्या उदाहरणात 24 व्या दिवशी औषध सुरू करून पाच दिवस दिलं, तर 28 व्या दिवशी संपलं. त्यात 28 मिळवले की 56 वा दिवस, आणि लॉट तर 40 च्या आसपास उचलला जातो. म्हणजे या लॉटला असं औषध चालणारच नाही. लेबलवर कमी दिवस छापलेलं दुसरं औषध डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या आणि तारीख, डोस, बॅच नंबर शेडच्या वहीत टिपून ठेवा.