भाजक कुणाचा?

सिनियरची एक्सेल शीट मिळाली की अर्धा थीसिस झाला, असं मातीतलं धातूंचं प्रदूषण मोजणाऱ्या आमच्या लॅबमध्ये म्हणत. मीही तेच धरून चालले आणि चार महिने पाण्यात घातले.

शीटच्या बॅकग्राउंड रकान्यात, म्हणजे धातूचं नैसर्गिक प्रमाण लिहितात तिथे, टुरेकियन-वेडेपोल या भूरसायनशास्त्रज्ञांचे १९६१चे शेल या गाळाच्या खडकाचे सरासरी आकडे (किलोला मिलिग्रॅम) होते: तांबं ४५, निकेल ६८, शिसं २०. त्यावरून काढलेल्या, धातू किती जास्त साचला ते सांगणाऱ्या जिओअ‍ॅक्युम्युलेशन इंडेक्समध्ये तांबं, निकेल दोन्ही शून्याच्या वर, म्हणजे प्रदूषण. सेमिनारला मागच्या बाकावरून एका वयस्कर मृदाशास्त्रज्ञांनी विचारलं, "बाई, ही काळी माती कुठल्या खडकाची?" बेसॉल्टची! त्याच तक्त्यात बेसॉल्टचे आकडेही आहेत: तांबं ८७, निकेल १३०, शिसं फक्त ६.

हे सावकाश बघा. समजा मातीत तांबं किलोला ११० मिलिग्रॅम. त्याला दीडपट ४५ने भागून बेस-दोनचा लॉग घेतला तर ०.७ येतो. ४५च्या जागी ८७ घाला, उणे ०.२५. आता शिसं घ्या, ३६. शेलने ०.२६, बेसॉल्टने थेट २! तांब्यावर खोटा आळ आणि शिसं बाइज्जत बरी. हॅकॅन्सनच्या इकॉलॉजिकल रिस्कमध्येही (पर्यावरणाला किती धोका, त्याचं माप) धातूचं प्रमाण बॅकग्राउंडनेच भागतात, त्यामुळे घोळ तिथेही उतरतो.

बेसॉल्टचे आकडेही डोळे मिटून घेऊ नका. नागपूरच्या पश्चिमेला बेसॉल्ट, पूर्वेकडे नाइस नावाचा जुना रूपांतरित खडक. त्याच खडकावरची, रस्ता-कारखान्यापासून लांबची माती स्वतः आणा. "बॅकग्राउंडला खालचा थर घे, झालं" असं कुणी सांगितलं तर त्याला मे महिन्यात काळ्या रानात न्या. माझी मोजपट्टी भेगेत गेली ती गेलीच. वरची मातीही तशीच आत पडते, मग खालचा थर स्वच्छ कसला?

या धातूंनी माणसाला किती धोका, त्या आरोग्याच्या गणिताला उगाच घाबरू नका. मूल १५ किलोचं, दिवसाला २०० मिलिग्रॅम माती पोटात, हे ईपीएचं (अमेरिकेची पर्यावरण संस्था) जुनं गृहीत बहुतेक पेपरांत आहे. फक्त एकूण क्रोमियमला हेक्झाव्हॅलंट या घातक रूपाचा कॅन्सर स्लोप फॅक्टर (डोसागणिक कॅन्सरचा धोका किती वाढतो, तो आकडा) लावू नका. मातीतलं नैसर्गिक क्रोमियम बहुतेक कमी घातक ट्रायव्हॅलंट रूपात असतं. तुम्ही कागदावर अख्ख्या गावाला कॅन्सर करून बसाल. आणि माती चाळायला पितळेची नको, नायलॉनची चाळणी घ्या. पितळ म्हणजे तांबं-जस्तच की.

गाइड म्हणाले, "सगळे शेलच वापरतात." वापरतात, खरंय. मी तरी बारा नवे नमुने आणले. त्यात एक रविवार गेला, आकडेमोडीला दोन संध्याकाळी. चर्चेचं प्रकरण मात्र पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहावं लागलं.