मे महिन्यात समृद्धी महामार्गाने नागपूरला जाताना

एसी गाडीत तहान लागत नाही, आणि तब्येत बिघडते ती तिथेच. घाम तिथल्या तिथे सुकतो, अंग कोरडं वाटतं, मग 5-6 तास कोणी पाण्याला हात लावत नाही. वाटेत स्वच्छतागृह मिळेल की नाही या धास्तीने बायका तर मुद्दाम कमी पितात. त्यातून लघवीची जळजळ आणि डोकेदुखी मागे लागते. त्यामुळे थांबे आधी ठरवा आणि मग मोकळेपणाने प्या. माणशी तासाला साधारण एक पेला पाणी, घोट घोट. लघवी गडद पिवळी झाली की पाणी कमी पडतंय असं समजा.

मुंबई ते नागपूर 701 किलोमीटर. भिवंडीजवळच्या आमणेहून पहाटे 4 ला निघालात, तर मेहकर-कारंजा ऊन तापता तापता गाठता येतं. उशिरा निघालात, तर विदर्भाचं भर दुपारचं ऊन नेमकं थकलेल्या चालकाच्या वाट्याला येतं.

टायरमधली हवा प्रवासाला निघण्याआधी, टायर थंड असतानाच तपासा. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेला आकडा पाळा. हवा कमी असली की टायरची बाजू सारखी दबते, तापते आणि वेगात फुटते. वाटेत गरम टायरचा आकडा वाढलेला दिसला म्हणून हवा सोडू नका, थंड झाल्यावर ती कमी पडेल. टायरवरचे शेवटचे चार आकडेही वाचा: 2319 म्हणजे 2019 सालच्या 23व्या आठवड्यातला टायर. नक्षी शाबूत असली तरी रबर जुनं होतं.

उन्हात उभ्या गाडीत बसण्याआधी चारही दारं उघडा. काचा खाली ठेवून मिनिट-दोन मिनिटं चालवा, मग एसी. आतलीच हवा फिरवायचं बटण सतत चालू राहिलं तर गाडी कोंदट होते, पेंग येते. अर्ध्या तासाने पाच मिनिटं बाहेरची हवा घ्या. सरळ काँक्रीटवर डोळे उघडे असूनही लक्ष सुटतं, म्हणून दर दोन तासांनी चालक बदला. गाडी लागू नये म्हणून घेतलेली गोळी झोप आणते, ती चालकाने घेऊ नये.

डब्यात दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी. बटाट्याची भाजी आणि ओल्या खोबऱ्याची चटणी दुपारपर्यंत आंबतात, ती घरीच बरी. ताक न्यायचं तर बर्फाच्या थर्मासात.

ओआरएसची पुडी जवळ हवीच. नसेल तर 1 लिटर स्वच्छ पाण्यात 6 सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ अंदाजाने घालू नका, जास्त झालं तर लहान मुलांना घातक ठरतं. इन्सुलिन डॅशबोर्डवर नको आणि थेट बर्फाला चिकटूनही नको, गोठलं की वाया जातं.

उतरताना कान-डोकं दुपट्ट्याने झाका. खाली उतरलेला माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, अंग भट्टीसारखं तापलं, तर तो उष्माघात समजा. 108 ला फोन करा. तोवर सावलीत आडवं करून, जाड कपडे काढून अंगावर पाणी ओता, वारा घाला, काखेत आणि मानेला गार ओली फडकी लावा. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी घालू नका, श्वासनलिकेत जाईल. आणि पाच मिनिटांसाठी म्हणूनही मूल बंद गाडीत सोडून जाऊ नका.