१० मार्चची ९ मार्च होते तेव्हा

प्रोग्रामर म्हणून नव्याने नोकरीला लागलात की तारखांचे बग, म्हणजे कोडमधल्या चुका, हमखास तुमच्या गळ्यात पडतात. सीनियर मंडळींना ते नको असतात, हे उघड गुपित आहे. सगळ्यात जास्त भेटणारा बग असा: फॉर्ममध्ये १० मार्च २०२४ निवडली, डेटाबेसमध्ये ९ मार्च पडली. जावास्क्रिप्टने ती तारीख आपल्याकडची मध्यरात्र धरली आणि सर्व्हरला पाठवताना यूटीसीत, म्हणजे जगभरासाठीच्या समान प्रमाणवेळेत नेली. आपण साडेपाच तास पुढे, त्यामुळे तिथे अजून आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसहाच वाजले होते.

याचा उलटा प्रकार जास्त त्रासदायक. ‘२०२४-०३-१०’ अशी नुसती तारीख वाचायला दिली, तर जावास्क्रिप्ट ती यूटीसीमधली मध्यरात्र समजतं. पुण्यात ती १० मार्चची पहाट दिसते, टेस्टर खूश. न्यूयॉर्कच्या क्लायंटला मात्र ९ तारखेची संध्याकाळ दिसते. शिवाय त्याच १० मार्चला अमेरिकेत घड्याळं एक तास पुढे गेली. तो दिवस २३ तासांचाच होता. ‘उद्या’ काढायला २४ तास मिळवणारा कोड तिथे घसरतो.

आपल्याकडे घड्याळ हलत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५, भारताची वेळ यूटीसीच्या साडेसहा तास पुढे होती आणि देशोदेशींच्या वेळांच्या नोंदी ठेवणाऱ्या टाइमझोनच्या डेटाबेसला ते ठाऊक आहे. पेन्शनच्या सॉफ्टवेअरमध्ये १९४४च्या जन्मतारखेची मध्यरात्र त्या हिशेबाने यूटीसीत साठवली आणि परत काढताना सरसकट साडेपाच तास मिळवले, तर आजोबांचा जन्म आदल्या रात्री अकराला जातो.

म्हणून जन्मतारखेला वेळ चिकटवूच नका. डेटाबेसमध्ये नुसता ‘डेट’ प्रकार, जावा भाषेत ‘लोकलडेट’, म्हणजे वेळ नसलेली नुसती तारीख. पेमेंट कधी झालं, लॉगिन कधी झालं, हे खरे क्षण. ते यूटीसीत ठेवा. जावास्क्रिप्टमध्ये महिने शून्यापासून मोजतात, म्हणजे मार्चला २. याची सवय होते, चिडून उपयोग नाही.

महिनाअखेर मात्र वेगळं प्रकरण. ३१ जानेवारीला एक महिना मिळवला, तर जावाचं ‘लोकलडेट’ फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी थांबतं. जावास्क्रिप्टमध्ये महिन्याचा आकडा एकाने वाढवलात, तर थेट मार्च उजाडतो. ईएमआयचा हप्ता यातल्या कुठल्या दिवशी, हे लायब्ररीवर सोडू नका. अकाउंट्सवाल्यांकडून लेखी घ्या.