उंच छताच्या खोलीत झोपायचा पोटमाळा कसा घालावा

गिरगाव-लालबागकडच्या कितीतरी जुन्या चाळींत खोली दहा बाय बाराची, पण छत मात्र बारा-तेरा फुटांवर. घरात माणसे वाढली की सगळ्यांची नजर वर जाते.

आधी टेप काढा. उंची 13 फूट असेल तर खाली 7 फूट ठेवा, माळ्याच्या जाडीला अर्धा फूट द्या. वर उरतात साडेपाच. तिथे वाकून वावरायचे आहे, हे घरातल्यांना आत्ताच सांगा. 12 फुटांत वर फक्त गादीवर उठून बसता येते. छप्पर कौलारू असेल तर आढ्याखालची उंची बघून हुरळू नका, उतारालगतही मोजा. गादी उताराकडे, उभे राहायची जागा आढ्याखाली.

माळा पूर्ण खोलीभर घालू नका. सुतार आग्रह करतो, सासरेबुवाही करतात, पण खिडकीकडची तीन-चार फूट जागा उघडी ठेवली नाही तर खाली दिवसाही दिवा लावावा लागतो.

आता वजन, आणि इथे घाई नको. राहत्या घराच्या मजल्यावर दर चौरस मीटरला 200 किलो भार धरायची भारतीय मानकांची रीत आहे. 10 बाय 8 फुटांचा माळा म्हणजे जवळपास साडेसात चौरस मीटर, म्हणजे दीड टन. सांगाड्याचे वजन वेगळे. हा भार पेलणार कोण? दोन खोल्यांमधली पातळ आडभिंत नव्हे. लोखंडी खांब उभे करून ते लाकडी जमिनीवर टेकवणेही नव्हे, कारण मग सगळा भार खालच्या बिऱ्हाडाच्या डोक्यावर. मोरीलगतच्या तुळईची टोके ओलीने कुजलेली असू शकतात, ती टोचून बघायला हवीत. म्हणून परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. गर्डरचे, म्हणजे माळा पेलणाऱ्या लोखंडी तुळईचे, माप आणि तो कुठे टेकवायचा हे त्याने कागदावर द्यावे.

तोच नकाशा पुढे परवानगीला लागतो. पागडीची खोली असेल तर मालकाची लेखी संमती घ्या. महापालिकेत विचारा, इमारत उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीचा उपकर भरणारी जुनी इमारत, असेल तर म्हाडाच्या दुरुस्ती मंडळातही. सामानाचा माळा आणि माणसाने झोपायचा माळा नियमात एक नाहीत, तेव्हा अर्जात खरे तेच लिहा.

मग काम सुरू. गर्डर बसले की त्यांवर आडवे लोखंडी चॅनेल, वर 18 मिलिमीटरचे प्लायवूड. वायरिंग प्लाय ठोकण्याआधी, वरच्यासाठी वेगळ्या एमसीबीसह (बिघाड झाला की वीज आपोआप तोडणारा स्विच). छताचा पंखा उतरवा. वरती भिंतीवरचा पंखा आणि एक्झॉस्ट लावा, कारण मे महिन्यात उकाडा सगळा तिथेच साचतो. शेगडीच्या बरोब्बर वर झोपायची जागा नको. फोडणीचा धूर सरळ उशीशी जातो.

जिना दोन फूट रुंद, धरायला दांडा हवाच. कठडा तीन फुटांचा आणि मुले असतील तर गजांत डोके जाणार नाही इतके अंतर. आणि गादी, कपाट वर न्यायचे ते कठडा बसण्याआधी. नंतर ते जिन्यावरून वळत नाही.